अण्णा नगरचा कौल: बालेकिल्ला आणि ६९९ मते

'अण्णा' हा शब्द मराठी माणसाला परका नाही. घरातील थोरल्या भावाला अथवा वडिलांना आपल्याकडे अण्णा म्हणतात, आणि तमिळमध्येही त्याचा अर्थ थोरला भाऊ असाच आहे. तमिळनाडूच्या राजकारणात मात्र 'अण्णा' म्हटले की एकच व्यक्ती डोळ्यांसमोर येते, ती म्हणजे द्रविड मुन्नेत्र कळघमचे संस्थापक आणि राज्याचे पहिले द्रमुक मुख्यमंत्री सी. एन. अण्णादुराई. याच अण्णादुराईंनी १९४०च्या दशकात छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या प्रसंगावर नाटक लिहिले. त्यात महाराजांची भूमिका करणाऱ्या व्ही. सी. गणेशन या तरुण नटाला पेरियार रामस्वामी यांनी 'शिवाजी' ही उपाधी दिली, आणि तोच पुढे शिवाजी गणेशन म्हणून देशाला परिचित झाला. चेन्नईच्या पश्चिम भागातील अण्णा नगर ही वसाहत याच अण्णादुराईंच्या नावाची आहे. तिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विधानसभा मतदारसंघाने १९७७ ते २०२१ या काळात अकरा सार्वत्रिक निवडणुका पाहिल्या. तमिळनाडूच्या राजकारणाचा अभ्यास करणाऱ्याने हा मतदारसंघ एकदा तरी नीट तपासून पाहावा, असा त्याचा इतिहास आहे.

या अकरा निवडणुकांपैकी नऊ द्रमुकने जिंकल्या. एकदा काँग्रेस विजयी झाली आणि एकदा अण्णा द्रमुक. एवढा हिशेब ऐकला की 'बालेकिल्ला' हा शब्द आपोआप तोंडी येतो, आणि चेन्नईतील वृत्तपत्रांतही तो वर्षानुवर्षे वापरला गेला आहे. प्रत्यक्षात या किल्ल्याच्या भिंती पुष्कळदा फार पातळ होत्या. द्रमुकच्या सर्वोच्च नेत्याला येथे अवघ्या ६९९ मतांनी विजय मिळाला होता. दुसरीकडे, या शहरातील मतदारांपैकी मोठा वर्ग मतदान केंद्रापर्यंत येतच नाही. विजयाचे अंतर काही शेकड्यांचे असते आणि गैरहजर मतदारांची संख्या हजारो-लाखांची. अण्णा नगरचा इतिहास वाचताना हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवावे लागतात.

जत्रेच्या मैदानावर उभी राहिलेली वसाहत

१९६८ साली नडुवक्करै या खेड्याच्या परिसरात आंतरराष्ट्रीय व्यापार व उद्योग प्रदर्शन भरले होते. त्या प्रदर्शनासाठी बांधलेला विश्वेश्वरय्या मनोरा आजही अण्णा नगरच्या उद्यानात उभा आहे. अण्णादुराई त्या वेळी मुख्यमंत्री होते. ३ फेब्रुवारी १९६९ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर तमिळनाडू गृहनिर्माण मंडळाने या भागात जी आखीव वसाहत उभारली, तिला त्यांचे नाव मिळाले. रुंद रस्ते, क्रमांकांनी ओळखले जाणारे ॲव्हेन्यू, इंग्रजी अक्षरांची नावे असलेले विभाग अशी तिची रचना आहे. पुण्याच्या वाचकाने कोथरूडची अथवा मुंबईच्या वाचकाने दादरच्या हिंदू कॉलनीची आठवण करावी. सरकारी अधिकारी, डॉक्टर, वकील, बँकेतील नोकरदार आणि पुढे व्यापारी अशी तिची वस्ती होत गेली.

मतदारसंघ मात्र या वसाहतीपुरता कधीच मर्यादित नव्हता. अमिंजिकरै, अरुंबाक्कम यांसारख्या जुन्या, दाट वस्त्या वसाहतीच्या कडेने पसरलेल्या आहेत. कूवम नदीच्या काठाने राहणारे हातावर पोट असलेले लोक, छोटे दुकानदार, वाहनचालक, कारागीर हे सर्व त्याच परिसरातले. बाहेरच्या माणसाला अण्णा नगर म्हटले की बंगले आणि मोठी दुकाने दिसतात. उमेदवाराला मात्र त्याच्या मागच्या गल्ल्या दिसतात, कारण मतदानाच्या दिवशी सकाळी रांग तेथे लागते.

चेन्नईवर द्रमुकची पकड या वसाहतीपेक्षा जुनी आहे. पक्षाची स्थापनाच १७ सप्टेंबर १९४९ रोजी याच शहरातील रॉबिन्सन पार्कमध्ये झाली. १९५९ साली मद्रास महापालिकेत द्रमुक सर्वांत मोठा पक्ष ठरला आणि त्याचा महापौर झाला. राज्याची सत्ता मिळण्याच्या आठ वर्षे आधीची ही गोष्ट आहे. पक्षाची वाचनालये, नाक्यानाक्यावरील सभा, चित्रपट आणि विद्यार्थ्यांचे मोर्चे यांतून जो शहरी कार्यकर्ता तयार झाला, तो सत्ता गेल्यावरही घरी बसला नाही. सत्तेच्या काळात १९७० साली करुणानिधी सरकारने झोपडपट्टी निर्मूलन मंडळ स्थापन केले आणि शहरातील गरीब वस्त्यांशी असलेल्या पक्षाच्या नात्याला सरकारी चौकटही मिळाली.

१९७७ आणि १९८०

३१ जानेवारी १९७६ रोजी, आणीबाणीच्या काळात, करुणानिधी यांचे सरकार केंद्राने बरखास्त केले. त्यानंतर जून १९७७ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली. १९७२ साली द्रमुकमधून बाहेर पडून एम. जी. रामचंद्रन यांनी स्थापन केलेल्या अण्णा द्रमुकने त्या निवडणुकीत १३० जागा जिंकल्या. द्रमुकला ४८ मिळाल्या. करुणानिधी यांनी आधीच्या दोन निवडणुका सैदापेटमधून जिंकल्या होत्या. या वेळी ते अण्णा नगरमध्ये उभे राहिले. ४३,०७६ मते मिळवून त्यांनी अण्णा द्रमुकच्या उमेदवाराला सोळा हजारांहून अधिक मतांनी हरवले. राज्य गेले, पण नेत्याची जागा सुरक्षित राहिली.

तीन वर्षांत चित्र पालटले. जानेवारी १९८०च्या लोकसभा निवडणुकीत द्रमुक आणि इंदिरा गांधींची काँग्रेस यांच्या आघाडीने राज्यातील ३९ पैकी ३७ जागा जिंकल्या. अण्णा द्रमुकला केवळ दोन. फेब्रुवारीत केंद्राने एमजीआर यांचे सरकार बरखास्त केले आणि मे महिन्याच्या अखेरीस विधानसभेची निवडणूक घेण्यात आली. लोकसभेच्या निकालावरून पाहता ही निवडणूक म्हणजे औपचारिकता आहे, असेच बहुतेकांनी गृहीत धरले होते. आघाडीतील दोन्ही पक्षांनी जवळजवळ सारख्या जागा वाटून घेतल्या. त्यामुळे मुख्यमंत्री नेमका कोणाचा, हा प्रश्न प्रचारभर लोंबकळत राहिला. मतदाराने उत्तर दिले ते वेगळेच. अण्णा द्रमुक १२९ जागांसह परत सत्तेवर आला. द्रमुकला ३७ आणि काँग्रेसला ३१ जागा मिळाल्या. लोकसभेला एक आणि विधानसभेला दुसरे असा विचार करून मत देणारा मतदार या देशात आहे, याचा इतका ठळक पुरावा त्याआधी क्वचितच मिळाला असेल.

अण्णा नगरमध्ये एमजीआर यांनी करुणानिधींसमोर डॉ. एच. व्ही. हांडे यांना उभे केले. हांडे हे व्यवसायाने डॉक्टर, एकेकाळी राजाजींच्या स्वतंत्र पक्षातील, विधिमंडळात अभ्यासू म्हणून ओळखले जाणारे. सभा गाजवणाऱ्या वक्त्यासमोर शांत, सुशिक्षित मध्यमवर्गाला आपलासा वाटेल असा माणूस द्यायचा, ही त्यामागची योजना स्पष्ट दिसते. ती जवळजवळ यशस्वी झाली. करुणानिधींना ५१,२९० मते मिळाली आणि हांडे यांना ५०,५९१. एक लाखाहून अधिक मतांच्या लढतीत अंतर ६९९ मतांचे.

करुणानिधी यांनी आपल्या आयुष्यात विधानसभेच्या तेरा निवडणुका लढवल्या आणि एकही गमावली नाही, हे नेहमी सांगितले जाते. १९५७ साली कुळित्तलै, १९६२ साली तंजावर (मराठी वाचकाला व्यंकोजीराजांमुळे परिचित असलेले तेच तंजावर), मग सैदापेट, अण्णा नगर, हार्बर, चेपॉक आणि अखेरीस तिरुवारूर असा हा प्रवास आहे. त्या अपराजित मालिकेत अण्णा नगरची १९८०ची लढत ही तुटता तुटता वाचलेली कडी म्हणावी लागेल. ३५० मतदारांनी आपले मत फिरवले असते, तर तमिळनाडूचा विरोधी पक्षनेता विधानसभेच्या बाहेर राहिला असता. हांडे पराभूत होऊनही एमजीआर मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री झाले. त्या काळी राज्यात विधान परिषद होती, ती १९८६ साली रद्द झाली.

करुणानिधी पुन्हा अण्णा नगरमधून उभे राहिले नाहीत. श्रीलंकेतील तमिळांच्या प्रश्नावर त्यांनी १९८३ साली आमदारकीचा राजीनामा दिला आणि १९८९ साली ते हार्बर मतदारसंघातून विधानसभेत परतले. मतदारसंघ बदलण्यामागे ६९९ या आकड्याचा काही वाटा असावा, असा अंदाज बांधणे चुकीचे ठरणार नाही. गंमत अशी की १९९१ साली हार्बरमध्येही त्यांचे मताधिक्य ८९० वर आले.

येथे एक बाब नोंदवण्यासारखी आहे. १९६७ ते २००६ या काळात करुणानिधींनी लढवलेली प्रत्येक जागा चेन्नई शहरातील होती. एमजीआर राहत चेन्नईतच, पण आपला पक्ष काढल्यानंतर ते अरुप्पुकोट्टै, मदुराई पश्चिम आणि आंडिपट्टी अशा दक्षिणेकडील मतदारसंघांतून उभे राहिले. जयललितांनीही बोडिनायकनूर, बर्गूर, आंडिपट्टी, श्रीरंगम असा बाहेरचाच मार्ग धरला. चेन्नईतील राधाकृष्णन नगरमधून त्या २०१५ साली, म्हणजे राजकारणाच्या अखेरच्या टप्प्यात लढल्या. शहर द्रमुकचे आणि खेडी अण्णा द्रमुकची हे समीकरण ढोबळ आहे खरे, परंतु दोन्ही पक्षांचे सर्वोच्च नेते आपली जागा निवडताना ते मानत होते.

लाटेविरुद्ध आणि लाटेबरोबर

१९८४ची निवडणूक विलक्षण परिस्थितीत झाली. इंदिरा गांधींची हत्या झालेली, एमजीआर न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या रुग्णालयात आणि त्यांचा उमेदवारी अर्ज तेथूनच भरलेला. सहानुभूतीच्या या दुहेरी लाटेत द्रमुकच्या वाट्याला राज्यात अवघ्या २४ जागा आल्या. त्या चोवीसांत अण्णा नगर होते. करुणानिधी रिंगणात नसतानाही एस. एम. रामचंद्रन यांनी ही जागा पक्षाकडे राखली. नेत्याला ६९९ मतांनी तारणाऱ्या मतदारसंघाने चार वर्षांनी, त्याहून कठीण काळात, तुलनेने अपरिचित कार्यकर्त्याला निवडून दिले. यावरून येथील मत व्यक्तीपेक्षा 'उगवता सूर्य' या चिन्हाला अधिक बांधलेले होते, असा निष्कर्ष काढता येतो.

१९८९ साली, एमजीआर यांच्या निधनानंतर दुभंगलेल्या अण्णा द्रमुकसमोर, द्रमुकने १५० जागा जिंकून तेरा वर्षांनी सत्ता मिळवली. अण्णा नगरमधून पक्षाचे सरचिटणीस के. अन्बळगन निवडून आले. १९७७ सालापासून सरचिटणीसपद सांभाळणारे अन्बळगन हे करुणानिधींनंतरचे क्रमांक दोनचे नेते. पक्षाच्या लेखी या मतदारसंघाचे वजन काय होते, हे एवढ्यावरून समजते.

दोन वर्षांत ते सरकार बरखास्त झाले. २१ मे १९९१ रोजी चेन्नईपासून जवळच असलेल्या श्रीपेरुम्बुदूर येथे राजीव गांधींची हत्या झाली आणि जूनमध्ये झालेल्या मतदानात द्रमुक अक्षरशः वाहून गेला. २३४ पैकी पक्षाच्या हाती दोनच जागा लागल्या. अण्णा नगर या वेळी टिकले नाही. काँग्रेसचे ए. चेल्लकुमार येथून विजयी झाले. मतदारसंघ स्थापन झाल्यापासून द्रमुकने तो प्रथमच गमावला होता.

१९९६ साली राज्यभर जयललितांविरुद्ध संताप उसळला, स्वतः त्या बर्गूरमध्ये पराभूत झाल्या आणि द्रमुकला १७३ जागा मिळाल्या. अण्णा नगरमधून आर्काट एन. वीरास्वामी निवडून आले. (हे आर्काट म्हणजे मराठ्यांच्या बखरींतून भेटणारे अर्काटच.) २००१ साली सत्ता पुन्हा अण्णा द्रमुककडे गेली, द्रमुक ३१ जागांवर आला, पण वीरास्वामी टिकले. २००६ साली ते सलग तिसऱ्यांदा जिंकले आणि राज्याचे वीजमंत्री झाले. पक्षाचे खजिनदार, करुणानिधींचे विश्वासू आणि मतदारसंघात घट्ट पाय रोवलेले नेते अशी त्यांची प्रतिमा होती. त्यांचे पुत्र कलानिधी वीरास्वामी पुढे २०१९ आणि २०२४ साली उत्तर चेन्नईतून लोकसभेवर गेले.

विजेचे खाते मात्र लाभले नाही. २००८ नंतर तमिळनाडूत भारनियमन हा रोजचा विषय झाला. महाराष्ट्रातील वाचकाला त्या वर्षांची वेगळी आठवण करून देण्याची गरज नाही. चेन्नईत साधारण तासाभराची आणि जिल्ह्यांत त्याहून कितीतरी अधिक वीजकपात होत असे. रोषाचा धनी अर्थातच वीजमंत्री. २०११ साली वीरास्वामी उभे राहिले नाहीत आणि द्रमुकने ही जागा आघाडीतील काँग्रेसला सोडली. काँग्रेसने त्या वेळी ६३ जागा मागून घेतल्या होत्या आणि त्यांपैकी फक्त पाच जिंकल्या. अण्णा नगरमध्ये अण्णा द्रमुकच्या एस. गोकुल इंदिरा यांना ८८,९५४ मते पडली, काँग्रेस उमेदवाराला ५२,३६४. अंतर ३६,५९० मतांचे. गोकुल इंदिरा मंत्रीही झाल्या.

म्हणजे द्रमुकच्या हातून हा मतदारसंघ दोनदा गेला आणि दोन्ही वेळा काँग्रेसचे नाव त्यात आहे, एकदा विजेता म्हणून आणि एकदा पराभूत म्हणून. २०११ साली तर 'उगवता सूर्य' मतदान यंत्रावर नव्हताच. त्या वर्षी चेन्नईतील सोळांपैकी दोनच जागा द्रमुकला मिळाल्या. स्वतः लढला असता तरी पक्ष अण्णा नगर राखू शकला असता असे म्हणणे धाडसाचे होईल. तरीही हक्काची जागा मित्रपक्षाला दिली की कार्यकर्ता अर्धा घरी बसतो, हे आपण महाराष्ट्रात काँग्रेस-राष्ट्रवादी आणि शिवसेना-भाजप या दोन्ही युतींत पाहिलेले आहे. अण्णा नगर त्याला अपवाद नसावे.

पूर, १,६८७ मते आणि नगरसेवकाविना गेलेली वर्षे

डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई पाण्याखाली गेली. अडयार आणि कूवमच्या काठच्या वस्त्यांबरोबर अरुंबाक्कमच्या सखल भागातही पाणी शिरले. पाच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत जयललितांनी राज्याची सत्ता राखली, परंतु चेन्नईतील सोळांपैकी दहा जागा द्रमुकने घेतल्या. अण्णा नगरमध्ये द्रमुकचे एम. के. मोहन यांना ७२,२०७ आणि गोकुल इंदिरा यांना ७०,५२० मते मिळाली. १,६८७ मतांनी ही जागा पुन्हा द्रमुककडे आली. मागच्या वेळचे ३६ हजारांचे अंतर पाच वर्षांत पार पुसले गेले. २०२१ साली याच दोघांत पुन्हा लढत झाली. मोहन यांना ८०,०५४ मते आणि गोकुल इंदिरा यांना ५२,६०९. त्या वर्षी चेन्नईतील सर्व सोळा जागा द्रमुक आघाडीने जिंकल्या. अभिनेते कमल हासन यांच्या पक्षाने अण्णा नगरमध्ये डॉ. अब्दुल कलाम यांचे माजी सल्लागार व्ही. पोनराज यांना उभे केले होते. सुशिक्षितांच्या वसाहतीत शास्त्रज्ञ उमेदवार हा प्रयोग रास्त होता. निकालावर त्याचा परिणाम झाला नाही.

एकंदर हिशेब मांडला तर अकरांपैकी पाच वेळा, म्हणजे १९७७, १९८०, १९८४, २००१ आणि २०१६ साली, अण्णा नगरने राज्याच्या कौलाविरुद्ध आमदार निवडला. विरोधी आमदार निवडण्याची किंमत मतदारसंघाला मोजावी लागते, असे आपल्याकडे प्रचारसभांतून हमखास सांगितले जाते. अण्णा नगरचा अनुभव त्याला दुजोरा देत नाही. चेन्नई मेट्रोचा पहिला भुयारी टप्पा मे २०१७ मध्ये सुरू झाला, तो तिरुमंगलम ते नेहरू पार्क, अण्णा नगरच्या पोटातून जाणारा. राज्यात सरकार अण्णा द्रमुकचे आणि आमदार द्रमुकचा होता. जमिनीचा भाव आणि रहिवाशांचे वजन यांनी जे मिळते, ते आमदाराच्या पक्षावर फारसे अवलंबून नसते. ज्यांच्याकडे ही दोन्ही नाहीत, अशा कूवमकाठच्या वस्त्यांविषयी मात्र असे म्हणता येणार नाही.

त्यांच्या दृष्टीने आमदाराचे महत्त्व वेगळ्या कारणाने वाढले. मद्रास महापालिका १९७३ साली गैरव्यवहाराच्या आरोपांनंतर बरखास्त झाली आणि त्यानंतर थेट १९९६ पर्यंत शहरात महापालिकेची निवडणूकच झाली नाही. तेवीस वर्षे! अण्णा नगर मतदारसंघाच्या पहिल्या पाच विधानसभा निवडणुका या काळातल्या आहेत. नळाचे पाणी, गटार, शिधापत्रिका, दिव्याचा खांब यांसाठी ज्या निवडून दिलेल्या माणसाच्या दारात जाता येईल असा आमदाराखेरीज दुसरा कोणीच नव्हता. पुढे २०१६ ते २०२२ या काळातही चेन्नईत नगरसेवक नव्हते. मुंबईकरांनी मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षे प्रशासकाचा कारभार अनुभवला आहे, त्यामुळे या पोकळीचा अर्थ त्यांना वेगळा सांगावा लागू नये. नगरसेवक नसतो तेव्हा पक्षाचा शाखाप्रमुख नगरसेवक होतो. चेन्नईच्या गल्ल्यांत तो बहुतेक ठिकाणी द्रमुकचा होता. लाटा आल्या आणि गेल्या तरी उगवत्या सूर्याचे मत टिकून राहण्यामागे हे एक सबळ कारण असावे.

न येणारे मतदार

२०२१ साली तमिळनाडूत ७२ टक्क्यांहून अधिक मतदान झाले. चेन्नई जिल्ह्यात ते ५९ टक्क्यांच्या आसपास होते, म्हणजे राज्यात सर्वांत खालच्या पातळीवर. अण्णा नगरही त्याला अपवाद नव्हते. दर निवडणुकीनंतर सुखवस्तू वस्तीला या कारणावरून दोष दिला जातो आणि त्यात तथ्य नाही असे नाही. मुंबईत कुलाब्याविषयी, पुण्यात शिवाजीनगरविषयी हेच लिहिले जाते. परंतु टक्केवारीच्या या आकड्याला दुसरी बाजू आहे, ती म्हणजे मतदारयादी.

चेन्नईसारख्या शहरात भाडेकरू दर दोन-तीन वर्षांनी घर बदलतो. मुले बेंगळुरूला अथवा परदेशी जातात, नावे मात्र जुन्या पत्त्यावर राहतात. मृतांची नावे निघत नाहीत. झोपडपट्टी हटवून कुटुंबे शहराबाहेरच्या वसाहतींत पाठवली जातात तेव्हा त्यांचे नाव एकीकडे आणि बिऱ्हाड दुसरीकडे अशी अवस्था होते. यादी अशी फुगलेली असेल तर मतदानाची टक्केवारी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसणारच.

२००८च्या पुनर्रचनेत चेन्नईतील मतदारसंघांची संख्या चौदावरून सोळा झाली आणि अण्णा नगरच्या सीमाही बदलल्या. त्यामुळे २००६ पूर्वीचे आणि २०११ नंतरचे आकडे एकमेकांशी जसेच्या तसे ताडून पाहता येत नाहीत. आता त्यात मतदारयादीच्या विशेष सखोल पुनरीक्षणाची भर पडली आहे. निवडणूक आयोगाने २०२५च्या अखेरीस तमिळनाडूत ही प्रक्रिया केली आणि डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या मसुदा यादीतून राज्यभरात सुमारे ९७ लाख नावे वगळली गेली. सर्वाधिक गळती चेन्नई जिल्ह्यात होती. मृत, स्थलांतरित आणि दुबार अशी त्यांची वर्गवारी आयोगाने दिली. खऱ्याखुऱ्या रहिवाशांची नावेही त्यात गेली, अशी तक्रार द्रमुक व त्याच्या मित्रपक्षांनी केली. वगळलेल्यांना पुन्हा अर्ज करण्याची मुभा होती, पण अर्ज भरणे, पुरावा जोडणे आणि पाठपुरावा करणे हे बंगल्यातील निवृत्त अधिकाऱ्याला जितके सोपे, तितके कूवमकाठच्या मोलकरणीला नाही. मतदानाच्या दिवशी सकाळी रांग लावणारा वर्ग आणि कागदपत्रांत मागे पडणारा वर्ग बहुतांशी एकच आहे.

लहान अंतरांचे महत्त्व मुंबईच्या मतदारांना अलीकडेच कळले आहे. २०२४ साली वायव्य मुंबईची लोकसभेची जागा ४८ मतांनी ठरली. त्या तुलनेत अण्णा नगरचे ६९९ आणि १,६८७ हे आकडे ऐसपैस वाटतील. परंतु एका मतदारसंघाच्या यादीतून हजारोंनी नावे येतात-जातात, तेव्हा दोन्ही अंतरे सारखीच नाजूक ठरतात.

ऑस्ट्रेलियात १९२४ पासून केंद्रीय निवडणुकांत मतदान सक्तीचे आहे आणि कारण न देता गैरहजर राहणाऱ्याला थोडासा दंड होतो. तेथे मतदान नव्वद टक्क्यांच्या आसपास राहते, त्यामुळे कोण आले नाही हा प्रश्न निकालाच्या विश्लेषणात जवळजवळ उद्भवत नाही. आपल्याकडे तो पहिलाच प्रश्न आहे, आणि यादी बदलली की त्याचे उत्तरही बदलते. समजा, एखाद्या भागात यादीवर शंभर नावे असून साठजण मत देत होते, तर मतदान साठ टक्के. त्या यादीतून वीस नावे कमी झाली आणि तेच साठजण पुन्हा आले, तर मतदान पंचाहत्तर टक्के दिसेल. मत देणाऱ्यांत एकाचीही वाढ झालेली नसेल. वगळलेल्या विसांत खरोखर दिवंगत अथवा स्थलांतरित किती आणि केवळ अर्ज न भरलेले किती, हे त्या पंचाहत्तर टक्क्यांत दिसणार नाही. ते समजण्यासाठी अमिंजिकरैच्या गल्लीत यादी घेऊन दारोदार फिरावे लागेल, आणि १९८०चे अंतर ज्याला ठाऊक आहे तो कोणत्याही पक्षाचा कार्यकर्ता हे काम टाळणार नाही.